करवंदीखालची ओल

शालन मावशींच्या हातचं पाणी प्यायचं तर एक अट होती. तांब्या हातात घ्यायचा आणि तोंड लावून प्यायचं. वरून घटाघटा घशात ओतलेलं त्यांना चालायचं नाही. पुण्या-मुंबईच्या बायका सवयीनं तांब्या उंच धरून आ करायच्या, की मावशी खेकसायच्या, "आगं बया, त्वांड लावा की! उष्टं झालं तर घासीन मी. माजं हात काय झिजत्यात व्हय?"

आणि मग समोर उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून, तुमच्या घशाखाली पाणी उतरेपर्यंत बघत राहायच्या.

मी अनघा. लोणावळ्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते. तीस वर्षं शिट्टी फुंकून आणि ओरडून आवाज असा झालाय, की घरात साधं बोलले तरी नवरा म्हणतो, "अगं, मी मैदानात नाहीये." दर रविवारी पंधरा-वीस बायकांना घेऊन मी डोंगरात जाते. कुणी सासूला कंटाळलेली, कुणी गुडघ्यांना. माझ्याबरोबर यायचं तर माझे नियम पाळायचे, आणि पहिला नियम पाण्याचा. उघड्यावरचं पाणी उकळल्याशिवाय, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. "मॅडम, झऱ्याचं पाणी म्हणजे अमृत हो," असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. त्या अमृतात वरच्या अंगाला म्हैस बसलेली असते, हे मी चारचौघांत, मोठ्या आवाजात सांगते. एका बाईला तर मी अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं होतं. गोळी न टाकता ओढ्याचं पाणी प्याली म्हणून.

एवढी कडक मी. आणि एकाच ठिकाणी मी मऊ झाले, ते मावशींच्या झऱ्यावर. त्या मऊपणाचं काय झालं, ते सांगायचंय. वाडीचं नाव सांगत नाही. पवन मावळातली आहे, एवढं पुरे.

आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तिथं गेले. वाडीच्या खालच्या अंगाला बुद्धवस्ती, पंधरा-सोळा घरं. वस्तीच्या मागं उंबर, उंबराच्या मुळाशी झरा, झऱ्याभोवती दगडाचं कुंड आणि वाटेच्या कडेला बसायला कट्टा. कट्ट्यावर मावशी. त्यांनी तांब्या पुढं केला. मी खिशातून क्लोरीनची गोळी काढली.

"ह्ये काय टाकताय?"

का कुणास ठाऊक, मी खोटं बोलले. म्हणाले, "घशाची गोळी आहे, मावशी."

त्यांनी गोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग मला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं. माझ्या कानात ते जसंच्या तसं आहे.

"मी आठ-नऊ वर्साची आसंन. आईसंगं मोळी घिऊन बाजारला चाललेवते. लय तान लागली. वाटंवर हिर व्हती, पन आमाला कुटली हिरीला शिवायची मुभा? बसलो आपलं कडंला. येक बाई आली पान्याला. आई हात जोडून म्हनली, लेकराला घोटभर वाडा. तिनं लांबनं, वरनं वतलं. मी ओंजळ केली आन् वाकले. बाई, आसं वाकून पिताना देनाराचं त्वांड दिसत न्हाई बगा. निस्ते पाय दिसत्यात. त्या बाईचे पाय मला आजून आठवत्यात. जोडवी व्हती. येक बोट वाकडं व्हतं. त्वांड काय मला ठावं न्हाई. म्हनून मी कुनाला ओंजळीत पानी देत न्हाई. भांडं हातात घ्या, त्वांड लावा, माज्याकडं बगा."

आमच्या घरी मोलकरणीचा कप वेगळा असायचा. मोरीच्या फळीवर पालथा. मी तो लहानपणी रोज पाहिलाय आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मावशी बोलत होत्या आणि मला तो कप दिसत होता, कानाला टवका उडालेला. मी गोळी परत खिशात टाकली. तांब्याला तोंड लावलं आणि अख्खा रिकामा केला. मावशींचा चेहरा फुलला. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! डोंगर उतरताना मी बायकांना माणुसकीवर भाषणसुद्धा दिलं.

त्यानंतर महिन्यातला एक रविवार आमचा तिथलाच. हळूहळू मावशींचं सगळं आयुष्य मला त्या कट्ट्यावर कळलं. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या ह्या वाडीत आल्या. नवरा धोंडिबा, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा गँगमन. अबोल माणूस. बोलायचं काम मावशींकडं, ऐकायचं त्यांच्याकडं. आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. गावच्या मोठ्या विहिरीचा तळ उघडा पडला, आणि ह्यांच्या झऱ्याला मात्र बोटाएवढी धार चालूच. एके दिवशी सकाळी वरच्या आळीच्या आठ-दहा बायका हंडे घेऊन वस्तीच्या तोंडाशी आल्या. पुढं यायची हिंमत नाही आणि मागं जायची सोय नाही. सासू म्हणाली, "उभ्या राहूद्यात, बघू कवापत्तुर राहत्यात." नवी नवरी शालन उठली, तांब्या भरला, आणि सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला.

"काय म्हणालात तिला?" मी विचारलं होतं.

"म्हनले, त्वांड लावून प्या, मंग हंडे भरू."

"प्यायली?"

"न पिऊन सांगती कुनाला! हिकडं बगितलं, तिकडं बगितलं, आन् प्याली. कुनी मेलं न्हाई." आणि मावशी असं खदाखदा हसल्या की डोक्यावरचा पदर खाली आला.

धोंडिबांनी रिटायर झाल्यावर कुंड बांधलं, कट्टा बांधला, आणि दोन वर्षांनी गेले. मुलगा प्रदीप तळेगावच्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. घरात नळ आला, पण नळाचं पाणी वापरायला आणि झऱ्याचं प्यायला. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देणं हे मावशींचं काम. कुणी नेमलेलं नाही, कुणी थांबवलेलं नाही. "माजं पानी प्याले" हे त्या अशा थाटात सांगायच्या, की वाटावं ह्यांनी जेवणावळ घातली.

सात वर्षं कुणाला काही झालं नाही. हे मी आवर्जून सांगते, कारण झरा खरोखर चांगला होता. त्याचा काही दोष नव्हता.

मग वरच्या सड्यावरची, कातळाच्या पठारावरची, जमीन विकली गेली. तिथं बंगले उठले. शनिवार-रविवारी भाड्यानं द्यायचे, पोहायच्या टाकीसकट, तसले. मागच्या गणपतीनंतर मी वाट बदलून वरून उतरत होते, तर एका बंगल्याच्या मागं संडासाचा खड्डा भरून वाहत होता. नाकाला पदर लावावा असा वास. आणि ते सगळं काळं पाणी कातळाच्या भेगेत जिरत होतं, नेमकं उंबराच्या दिशेनं. मी पी.टी.ची असले तरी पाणी वरून खाली जातं एवढं मला कळतं.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडं पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात. पाणी भरून दिवसभर ठेवायचं. काळं पडलं तर प्यायचं नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी मावशींच्या झऱ्याचं पाणी गुपचूप त्यात भरून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शाई ओतल्यासारखं काळंभोर.

नवरा म्हणाला, "आजच सांग त्यांना."

"फोनवर काय सांगायचं? पुढच्या रविवारी मुद्दाम जाते. समोर बसून सांगते."

पुढचा रविवार आला. मावशींनी पदराच्या टोकानं तांब्या पुसला, भरला, माझ्यापुढं धरला. आणि माझ्या तोंडून वाक्य निघेना. 'मावशी, तुमचं पाणी घाण आहे.' एवढंच तर म्हणायचं होतं. पण हे मी म्हणायचं? माझ्या घरात तो कप होता, आणि मी ह्या बाईला सांगायचं की तुमच्या हातचं पाणी आम्ही पीत नाही?  मी तांब्या घेतला, ओठाला लावल्यासारखं केलं, समोरचा डोंगर बघायच्या निमित्तानं चार पावलं बाजूला गेले, आणि करवंदीच्या जाळीमागं सगळं पाणी ओतून दिलं.

रिकामा तांब्या परत दिला. "वा, मावशी! जीव थंड झाला."

"मंग!" मावशी म्हणाल्या.

इतकं सोपं निघालं ते. त्याचीच मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते. एकदा जमलं म्हटल्यावर मी त्याची पद्धतच पाडली. वाडी यायच्या आधी एक वळण आहे, तिथं बायकांना थांबवून मी सूचना द्यायचे. कवायतीच्या देतात तशा. "मावशी तांब्या देतील. नाही म्हणायचं नाही. ओठाला लावल्यासारखं करायचं, हसायचं, करवंदीमागं जाऊन ओतायचं. प्यायचं आपापल्या बाटलीतलं. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त अमृता नावाची एक मुलगी आहे आमच्यात, बँकेत नोकरीला, सगळ्यात लहान. ती म्हणाली, "पण मॅडम, मग ते लोक काय पितात? त्यांना सांगायला नको का?"

मी असली उखडले तिच्यावर! "तू मला शिकवू नकोस. तुला माहितीये त्या बाईंनी काय काय सोसलंय? त्यांच्या भावना दुखावतील असं मी काही बोलणार नाही, आणि तूही बोलायचं नाहीस."

अमृता गप्प बसली. माझ्यापुढं सगळेच बसतात.

संक्रांतीच्या रविवारी गेलो तर कट्ट्यावर मावशींच्या शेजारी एक मुलगी बसलेली. गोल चेहऱ्याची, हसरी, पोट दिसू लागलेली. मावशी उठून उभ्याच राहिल्या. "ही माजी नात, यशोधरा. प्रदीपची थोरली. कान्हे गावात दिलीया. पयलं बाळंतपन हितंच करनार. जावयाला म्हनलं, तुमची बायको आसंल, पन नात माजी हाय."

आम्ही तिला तिळगूळ दिला. मावशींनी तिच्या हातात तांब्या दिला आणि ती तोंड लावून गटागटा प्यायली.

"नळाच्या पान्याला औशदाचा वास येतो," मावशी सांगू लागल्या. "त्यानं हिला मळमळतंय. म्हनून हिला समदं झऱ्याचंच देते. सकाळी उटल्या उटल्या तांब्याभर. बाळाची कांती कशी निर्मळ व्हती बगा."

 आता बोल, अनघा, आता तरी बोल. आणि मी बोलले. कसं बोलले? हसत हसत, वाटाणे सोलता सोलता बोलावं तसं. "यशोधरा, ह्या दिवसांत पाणी उकळून पीत जा हं."

"हो मॅडम," ती म्हणाली.

मावशींनी हवेत हात उडवला. "ह्या पान्याला उकळायचं? काय बाई तुमी पन! तुमीच तर आट वर्सं पिताय की. झालं का काय?"

पंधरा बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. प्रत्येकीला माहीत होतं. मी हसले. म्हणाले, "तेही खरंच."

तेही खरंच. हे दोन शब्द मी म्हणाले. मग तांब्या घेतला आणि करवंदीमागं गेले.

फाल्गुनात गेलो तेव्हा कट्टा रिकामा होता. तांब्याही नव्हता. शेजारच्या कस्तुराबाई दारात बसल्या होत्या, मला बघून उठल्या.

"बाई, शालनक्का न्हाई हितं. यशीला पुन्याला न्हेलीया. कावीळ झाली. डोळं हाळदीवानी पिवळं. हितं प्रदीपला झालती, वस्तीतल्या गोरखच्या दोगी पोरीस्नी झालती, ती समदी उटली. पन ही दोन जिवाची. डाक्टर म्हनला, पान्यातनं झाली, आन् गरवारशीला ही लय वंगाळ." त्यांनी डोळे पुसले. "बाळ गेलं, बाई. पोटातच. पोरगी आजून सुद्दीवर न्हाई."

 अमृतानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिनं मला फाडकन काहीतरी बोलायला हवं होतं. मी वाट बघत होते. ती बोलली नाही. मीच तर तिला गप्प बसायला शिकवलं होतं.

घरी आले. ती काळी बाटली कपाटाच्या खणात होती. साड्यांच्या मागं ढकललेली. मी ती तिथं का ठेवली होती, टाकून का दिली नव्हती, मला सांगता येत नाही. नवरा दारात उभा होता. त्यानं विचारलं, "तू सांगितलं होतंस ना त्यांना?" मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

यशोधरा शुद्धीवर आली, वीस दिवसांनी घरी आली, हे मला कस्तुराबाईंकडून फोनवर कळत होतं. मी एकदा पुण्याला जाऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचलेही होते. हातात शहाळी. आत जायचं धैर्य झालं नाही. शहाळी तिथल्या वॉचमनला देऊन लोकलनं परत आले. वर्गात मुलांना सांगते, चूक केली तर पुढं येऊन उभं राहा. एका दमात सांगते. छान सांगते.

शेवटी एका बुधवारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटीच गेले. झऱ्याच्या दगडावर लाल रंगानं लिहिलं होतं, पाणी पिण्यास योग्य नाही. आरोग्य खात्याची माणसं येऊन लिहून गेली होती. कुंडावर काटेरी फांद्या टाकलेल्या. धोंडिबांचा कट्टा पाचोळ्यानं भरला होता.

मावशी अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत. "या, बाई," म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण माणूस अर्ध्यानं कमी झालेलं.

ओसरीवर यशोधरा बाजेवर पडली होती. डोळ्यांत पिवळेपणा अजून होता. मला बघून ती हातांवर जोर देऊन उठायला लागली. मी म्हटलं, "पडून राहा गं."

ती तशीच अर्धवट बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात मला, उकळून पी. मी ऐकलं नाही. माझंच चुकलं." तिचा ओठ थरथरला. "रोज डोक्यात तेच येतं. मॅडमनी सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही."

मावशी चुलीतली लाकडं पुढं सरकवत होत्या. त्या म्हणाल्या, "रोज हेच चाललंय. मी सांगते, चूक माजी. हातानं पाजलं मी."

मला तिथून पळून जायचं होतं. गप्प बसले असते तरी कुणाला काही कळलं नसतं. उलट मीच शहाणी ठरत होते. सांगून ठेवलेली बाई. तेवढा एक क्षण मला तो मोह झालासुद्धा, हे मी लपवत नाही. मग त्या पोरीचा तो ओठ दिसला.

"तुझं चुकलं नाही," मी म्हणाले. "मावशी, तुमचंही नाही. मला माहीत होतं."

"काय ठावं व्हतं?"

"पाणी खराब आहे ते. वरच्या बंगल्याचा खड्डा वाहताना मी बघितला होता. मी बाटलीत भरून नेऊन तपासलं. काळं झालं."

मावशींचा हात लाकडावर थांबला. "कदी?"

"दिवाळीनंतर."

 हळूच, हिशेब जुळवल्यासारखं त्या म्हणाल्या, "यशी तर संक्रांतीला आली."

"हो."

"म्हंजे ती यायच्या आदीच."

"हो, मावशी."

बाजेवर यशोधरा भिंतीकडं तोंड करून झोपली. तिची पाठ मला दिसत होती.

"मंग तुमी लोक पीत व्हता ते?"

"पीत नव्हतो. करवंदीमागं ओतत होतो. मीच सगळ्यांना तसं सांगितलं होतं."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. मला ते हवं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"वतत व्हता ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी काय खुळी हाय व्हय? समदा डोंगार वाळून कोळ झाला आन् तेवढी येकच करवंद हिरवीगार. तिच्याखाली दर खेपंला माती वली. पयल्याच खेपंला बगितलं मी. तुमी गेल्यावर हात लावून बगितला."

"मग तुम्ही बोलला का नाही, मावशी?"

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "मला वाटलं, जुनंच कारन आसंल."

त्यांनी हातातलं लाकूड चुलीत सारलं.

"म्हनलं, बाई चांगल्या हाईत, पन संगं चार परकाराच्या बायका येत्यात. कुनाच्या पोटात काय आसतं. बाईस्नी बोलून दाकवलं तर त्यास्नी वाईट वाटंल. म्हनून गप बसले." त्यांचा आवाज चिरकला. "आगं, पान्यात घान हाय म्हनून वतत व्हता, तर तसं सांगायचं! त्यात काय व्हतं? मी उकळलं असतं. ह्ये आता उकळतेय तसं. बगा की. लाकडं काय कमी हाईत डोंगरात?"

"मला वाटलं, तुम्हाला लागेल."

"मला?" मावशी म्हणाल्या. "बहात्तरला गावच्या बायकांस्नी पानी पाजलं मी. मला काय लागतंय? माजं काळीज तुमाला येवढंसं वाटलं?"

मी माफी मागायला आले होते. शब्द वाटेत जुळवले होते, चांगले जुळवले होते. त्यातला एकही तोंडातून बाहेर पडला नाही. मी नुसती रडत होते, आणि यशोधरा बाजेवर पडलेली असताना, तिचं बाळ गेलेलं असताना आपण रडतोय ह्याचीही लाज वाटत होती.

मावशींनी चुलीवरचं भगुलं उतरवलं. शेजारी दुसरं, सकाळचं उकळून गार केलेलं होतं. त्यात त्यांनी तांब्या बुडवला.

"उन्हातनं आलाय," म्हणाल्या. "पानी प्या."

मी हात पुढं केला. त्यांनी तांब्या दिला नाही. छातीशी धरून ठेवला.

"न्हाई, बाई. तांब्या दिला तर तुमी कुटं वताल ते मला कसं कळायचं? ओंजळ करा."

मी ओसरीच्या पायरीवर उभी होते. खाली उतरले. दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि वाकले. त्या वरून धार धरत होत्या. बारीक, सावकाश, एक थेंब इकडंतिकडं न जाऊ देता. पाण्याला धुराचा वास होता. मी पीत होते आणि कोपरांवरून पाणी मातीत गळत होतं.

"बास?" त्यांनी विचारलं.

मला मान वर करता आली नाही. समोर त्यांचे पाय होते. अनवाणी, टाचा फुटलेल्या, डाव्या घोट्यावर चुलीची राख. तेवढेच मला दिसत होते.